मित्रबुरशीचं वाळवण

जिवंत औषध मी गच्चीवर उन्हात वाळत घातलं आणि मारून टाकलं. वरूडकडचा मे महिना, तापलेला स्लॅब, त्यावर जुनी लुगडी आणि लुगड्यांवर हिरवीगार बुरशी चढलेली ज्वारी. शेजारच्या लुगड्यावर सरगुंडे, म्हणजे काडीवर गुंडाळून केलेल्या गव्हाच्या शेवया, होते. ते मात्र छान वाळले.

तेव्हा माझी साठी नुकतीच उलटली होती, म्हणजे मी अगदीच अजाण वयाची होते. आज त्या पोरीची आठवण आली की तिची वेणी धरून तिला गच्चीवरून खाली ओढावंसं वाटतं. पण वेणीही नव्हती तिला. शाळेतून निवृत्त झाल्या झाल्या तिनं केस कापून घेतले होते आणि आता आपण समाजकार्य करणार असं अमरावतीभर सांगत सुटली होती. समाजानं तिचं काय वाकडं केलं होतं कोण जाणे.

मी अमरावतीच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला हसायला मोकळीक राहील. आठवीच्या पुस्तकात एक धडा होता. कपडे, अंथरुणं उन्हात घालावीत, सूर्यप्रकाशानं जंतू मरतात. हे वाक्य मी वर्षानुवर्षं मुलींकडून घोकून घेतलं. ज्या मुलीला ते यायचं नाही तिला बाकावर उभं केलं.

निवृत्तीनंतर मी सासरच्या गावी राहायला गेले. गाव वरूड आणि मोर्शीच्या मधलं, घराच्या पाठीमागे थेट संत्र्याच्या बागा. आमची बाग धाकटी जाऊ सांभाळायची. मी शाळेत फळ्यावर झाडाची मुळं काढत होते तेव्हा ती खरोखरच्या मुळांना शेणखत घालत होती. त्यामुळे ती मला मान द्यायची, पण फारसं विचारायची नाही.

त्या वर्षांत सगळ्या शिवारात डिंक्या बोकाळला होता. संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळायला लागतो, पानं पिवळी पडतात, मुळं कुजतात आणि झाड उभ्याउभ्या जातं. मुळाशी एक वाईट बुरशी असते, तिचं हे काम. जाऊच्या बागेत एक अख्खी ओळ गेली होती. त्या ओळीत मधोमध एक झाड मात्र हिरवं राहिलं होतं, आजूबाजूला काही झालंच नाही अशा थाटात.

ते झाड बघायला अकोल्याहून एक मुलगी आली. अकोल्यात एका संस्थेची छोटी प्रयोगशाळा होती, तिथं ती संशोधन करायची. पायात कॅनव्हासचे बूट, पाठीवर पिशवी, बोलणं थेट आमच्याकडचं. तिनं त्या हिरव्या झाडाच्या मुळाची माती खणून नेली. त्या मातीत तिला दुसरी बुरशी सापडली, वाईट बुरशीला खाऊन टाकणारी. शेतकी भाषेत तिला मित्रबुरशी म्हणतात. बाजारात अशी औषधं आधीपासून होती, पण ती बाहेरची. ही आपल्या मातीतली, आपल्या उन्हाळ्याची सवय असलेली. त्या मुलीनं अशा बुरशीच्या शोधात कितीतरी वर्षं घातली होती. नोकरी दरवर्षी नव्यानं मिळायची, पुढच्या वर्षी मिळेल की नाही याचा भरवसा नसायचा.

ती मला एकदा म्हणाली, "काकू, या हंगामात बागायतदारांनी वापरलं आन् गुण आला, तं औषधाले परवाना भेटते. नाही आला तं प्रयोगशाळा हे काम बंद करते. मंग मी भी बंद."

"तू कशी बंद होशील?" मी म्हटलं.

"अवो, मले दुसरं येते काय?"

आता तिघाचौघांनी मिळून ती मित्रबुरशी बाजारात न्यायची असं ठरलं. अकोल्यानं बुरशीचं विरजण द्यायचं. आमच्या गावच्या बायकांच्या गटानं ते ज्वारीवर वाढवायचं. अमरावतीच्या शेतकी केंद्रानं ती ज्वारी दळून संगजिऱ्याच्या, म्हणजे रांगोळीसारख्या पांढऱ्या दगडाच्या, भुकटीत मिसळायची, तपासायची आणि पिशव्या भरायच्या. बागायतदारांच्या कंपनीनं विकायचं. अमरावतीत एका सभागृहात याचं उद्घाटन झालं. पुरुषांना फेटे, बायकांना शाली. आपली माती, आपलं संशोधन, आपली बाजारपेठ, असं प्रत्येकानं आपापल्या आवाजात सांगितलं. मीही बोलले. बायकांच्या गटाची अध्यक्ष मीच होते, दुसरी कोण होणार? भाषणात मी शाश्वत हा शब्द इतक्यांदा म्हटला की परतीच्या गाडीत जाऊनं विचारलं,

"बाई, शाश्वत म्हंजे काय वं?"

"टिकणारं."

"मंग टिकणारं म्हनाचं ना. मी म्हटलं कोन्या पाहुण्याचं नाव घेऊन राहिल्या."

सगळे फोटोत आले. ती संशोधक मुलगी कडेला होती, तिचा अर्धा हात आला.

मग ती आमच्या घरी येऊन शिकवून गेली. ज्वारी अर्धवट शिजवायची, पिशव्यांत भरून कुकरला लावायची, थंड झाली की ज्योतीजवळ धरून आत विरजणाचे थेंब सोडायचे. काही दिवसांत दाण्यांवर पांढरं येतं, मग हिरवं. हिरवं झालं की पिशवी फोडून पातळ पसरायचं आणि वाळवायचं. ओल राहिली तर दळता येत नाही.

"सावलीत वाळवाचं, काकू. पंख्याखाली. उनात बिलकुल नोको."

मी मान हलवली. शाळा तपासायला आलेल्या साहेबाचं ऐकताना हलवायचे तशी. पुढे ती कारण सांगत होती तेव्हा मी चहात साखर किती हे विचारायला आत गेले होते.

बायका हुशार निघाल्या. एकही पिशवी सडली नाही. दाणे असे हिरवे झाले की बघत राहावं. आणि नेमकं वाळवताना अडलं. पाठीमागच्या मोठ्या खोलीत सगळं पसरलं होतं, आणि बाहेर पारा असा चढलेला की कूलरशिवाय त्या खोलीत बसणं अशक्य. म्हणून कूलर सुरू. कूलरच्या गवताच्या ताट्यांतून ओला गारवा खोलीभर, बायका खूश, मी खूश. ज्वारी मात्र वाळेना. आज वाळेल, उद्या वाळेल. हात लावला की ओलसरच. वऱ्हाडाच्या मे महिन्यात, जिथं धुतलेली चादर पिळून झटकेपर्यंत वाळते, तिथं मी एका बंद खोलीत पावसाळा करून बसले होते आणि ज्वारी का वाळत नाही याचं नवल करत होते. कूलर बंद करून दारं उघडावीत हे मला सुचलं नाही. जिवंत वस्तू आहे, तिला थंडावा हवा, असा माझा शास्त्रीय विचार.

तेवढ्यात कंपनीच्या अध्यक्षांचा फोन आला, गाडी ठरल्याच्या आधीच येतेय, बागायतदारांना पावसाआधी औषध मुळाशी घालायचंय, अमरावतीला माल लवकर द्या. मी घाबरले. गच्चीवर सरगुंडे वाळत होतेच. शेजारणीच्या गच्चीवर कुरडया, तिच्या शेजारणीकडे ज्वारीचे पापड. आमच्याकडे वर्षभर टिकवायची प्रत्येक गोष्ट मे महिन्याच्या उन्हातून जाते. ज्याला ऊन दाखवलं ते टिकलं. हे मी आईकडून शिकले, सासूकडून शिकले. पुस्तकातला धडा दुसऱ्यांना शिकवण्यासाठी होता.

"वर न्या," मी बायकांना म्हटलं.

"ते पोरगी नोको म्हने ना," एकीनं विचारलं.

"अगं, अकोल्याच्या लोकांना काय, त्यांच्याकडे पंखे आहेत."

दोन उन्हं दाखवली. खणखणीत वाळलं. दाणा दाताखाली कडक वाजत होता. मी स्वतः चावून बघितला, औषध होतं तरी.

अमरावतीला माल गेला. सकाळी गेला आणि संध्याकाळी केंद्राच्या साहेबांचा फोन आला, "मॅडम, माल एक नंबर. तपासला आपण. असा कोरडा माल अकोल्याच्या लॅबमधूनपण येत नाही." मी तो फोन स्पीकरवर टाकून सगळ्या बायकांना ऐकवला. दुसऱ्या दिवशी शिरा केला. शिऱ्यात बेदाणे जरा जास्तच पडले.

पुढं जे व्हायचं ते झालं. बागायतदारांनी शेणखतात मिसळून झाडांच्या आळ्यात घातलं. पोळा येईपर्यंत बुंध्यांना डिंक फुटला. गावात लोक मला बघून रस्ता बदलायचे नाहीत, बदलला असता तर बरं झालं असतं. ते थांबून नमस्कार करायचे आणि विचारायचे, "बाई, या वर्षी रांगोळी किती खपली?" आमच्या औषधाला सगळ्या तालुक्यात रांगोळी हेच नाव पडलं. उरलेल्या पिशव्या वरूडच्या गोदामात परत येऊन पडल्या.

जाऊनं एवढंच म्हटलं, "तुमच्या औषधानं झाडायचं काही वाईट नाही केलं, बाई. काहीच नाही केलं त्यानं."

ती मुलगी अकोल्याहून आली, गोदामातून पिशव्या उचलून घेऊन गेली. काही दिवसांनी पुन्हा आली. पोळ्यांच्या डब्यात कापडात गुंडाळून तिनं काचेच्या बश्या आणल्या होत्या. आमच्या जेवायच्या टेबलावर मांडल्या. एकीत तिच्या प्रयोगशाळेतली बुरशी, मखमलीसारखी हिरवी, काठापर्यंत भरलेली. बाकीच्यांत आमच्या पिशव्यांतली भुकटी पेरली होती. त्या बश्या स्वच्छ होत्या. धुऊन ठेवल्यासारख्या.

"काकू, वाळवलं कसं होतं?"

"गच्चीवर." मी अजूनही समजले नव्हते. "चांगली दोन उन्हं दाखवली. कूलरमध्ये वाळत नव्हतं गं."

तिनं चष्मा काढून पुसला. "कूलर चालू होता?"

"मग? मे महिना होता."

तिनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग विचारलं, "तुमी शाळेत काय शिकवत होत्या, काकू?"

"विज्ञान," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच तो धडा, ते वाक्य, बाकावर उभ्या केलेल्या सगळ्या मुली माझ्या डोळ्यांसमोर आल्या. मी जंतू मारण्याचा उपाय माझ्याच जंतूंवर केला होता.

त्या मुलीचा चेहरा मात्र जरा सैल झाला. मला तेव्हा कळलं नाही, आज कळतं. तिला वाटत होतं की आपलीच बुरशी शेतात कमी पडली. आता उघड झालं की ती शेतात पोचलीच नव्हती. पिशवीत जाण्याआधीच मेली होती. "काकू, बैठकीत एवढंच लिहून घेतलं पायजे," ती म्हणाली. "माल मेलेला होता, औषधाची पारख झालीच नाही. मंग ते पुढचा हंगाम देतीन. द्यावाच लागन."

"मी सांगते. माझी चूक आहे, मीच सांगते. त्यात काय."

त्यात काय, असं मी खरंच म्हणाले.

बैठक अमरावतीला केंद्राच्या नव्या इमारतीत झाली. मधोमध लांब टेबल, थंडगार हवा, चहा, बिस्किटं. केंद्राचे साहेब, बागायतदारांच्या कंपनीचे अध्यक्ष, प्रकल्पाला पैसा देणाऱ्या संस्थेचे एक गृहस्थ, अकोल्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख आणि टोकाला ती मुलगी. माझी वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. वर्गात उभी राहायची तशी, पदर खोचून. म्हटलं, "बुरशी मी मारली. सावलीत वाळवायला सांगितलं होतं, मी उन्हात घातली. पिशवीत गेली तेव्हाच ती मेलेली होती. औषधाचा काही दोष नाही."

सगळे गप्प झाले. मला वाटलं माझ्या धाडसानं गप्प झाले. किती भोळी असावी बाई.

मी बोललेलं खरं धरलं असतं तर पुढचे प्रश्न माझ्यावर नव्हे, त्यांच्यावर आले असते. बश्यांमध्ये बुरशी वाढून दिसायला चारपाच दिवस लागतात. केंद्राच्या साहेबांनी सकाळचा माल संध्याकाळी एक नंबर ठरवला होता. त्यांनी काय तपासलं होतं? वाळवणासाठी आमच्या गावात प्रकल्पाच्या पैशातून पत्र्याची शेड व्हायची होती. ते पत्रे केंद्राच्या पार्किंगवर लागले होते, येताना मी त्यांच्याच सावलीत ऑटोतून उतरले होते. गाडी लवकर पाठवायची घाई कंपनीनं केली होती. पैसा देणाऱ्यांनी शेड झाली का हे बघितलं नव्हतं. सगळ्यांच्या सहकार्यानं उभा राहिलेला प्रकल्प होता, तर चुकीतही सगळ्यांचा वाटा निघाला असता. आणि सगळ्यांना हे त्या खोलीत एकाच वेळी कळलं. मी सोडून.

पैसा देणाऱ्या संस्थेचे गृहस्थ अतिशय मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चूक कोणाची हा प्रश्नच नाही. हा आपला सामूहिक प्रयत्न आहे. बसा तुम्ही."

केंद्राचे साहेब म्हणाले, "या वयात एवढं केलं आजींनी, हेच किती. आमच्या घरच्या तर खुर्चीवरून उठत नाहीत."

सगळे हसले, प्रेमानं. कोणीतरी टाळी वाजवली, मग दोघातिघांनी वाजवली. मी हात जोडले आणि बसले. माझे कान गरम झाले होते, आणि खोटं कशाला सांगू, ते लाजेनं झाले नव्हते. कबुलीजबाबाचं कौतुक झालं होतं. कोणीतरी माझ्यापुढं बिस्किटांची बशी सरकवली.

मग अकोल्याच्या प्रमुखांनी लेखनिकाला सांगितलं, "लिहा. स्थानिक वाण प्रत्यक्ष शेतातल्या परिस्थितीत टिकाव धरत नाही असं दिसून आलं." तिचेच प्रमुख. त्यांना केंद्राशी संबंध बिघडवायचे नव्हते, पुढच्या वर्षी दुसरा प्रकल्प यायचा होता.

ती मुलगी उभी राहिली. "सर, टिकाव धराले तं ते जितं पायजे होतं. काकूनं आत्ता सांगतलं ना."

"मॅडमनी सांगितलं, आपण ऐकलं," केंद्राचे साहेब म्हणाले. "आता त्या वयस्कर बाईंना कशाला परत परत त्या विषयात ओढता?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी बिस्किट चहात बुडवलं होतं. ते तुटून पडू नये म्हणून मी खाली बघत होते. बिस्किट तुटलं नाही. पुढचा विषय आला.

बुरशीला बोलता येत नव्हतं, त्यामुळे सगळा दोष तिच्यावर टाकून बैठक संपली. कोणाचंही मन दुखावलं नाही. जाताना केंद्रानं सगळ्यांना संत्र्याचा गर भरलेली बर्फी दिली.

हंगाम मिळाला नाही. पुढच्या वर्षी तिची नोकरी नव्यानं झाली नाही. आता आमच्याकडचे बागायतदार दूरच्या कुठल्या राज्यातून येणारं, चकचकीत पाकिटातलं तसलंच औषध घेतात. ते ट्रकमधून उन्हातान्हात येतं, दुकानाच्या पत्र्याखाली महिनोन्महिने पडून राहतं, आणि त्यातली बुरशी जिवंत आहे की मेलेली हे कोणी विचारत नाही. त्याला कोणी रांगोळी म्हणत नाही, कारण त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं. जाऊनं बाग काढून तूर पेरली. ते हिरवं झाडही गेलं. ट्रॅक्टरला वळायला जागा हवी होती, आणि एका झाडासाठी कोण वळसा घालणार? मी विचारलं तर म्हणाली, "बाई, ते झाड कोनाच्या कामी आलं?"

आमचा गट सुरू आहे. आम्ही आता सरगुंडे आणि पापड विकतो. उन्हातच वाळवतो. मोठी मागणी आहे. नात म्हणते, आजी, तू उद्योजिका आहेस. मी म्हणते, हो, मेलेल्या वस्तू मला चांगल्या जमतात.

ती मुलगी एका कंपनीत नोकरी घेऊन हैदराबादकडे निघाली तेव्हा मी तिला भेटायला अकोल्याच्या स्टेशनवर गेले. हैदराबादला ती कपड्यांचा रंग काढणारं काहीतरी तपासणार होती. बुरशी नाही. बरोबर मी चिवडा नेला होता, वर भरपूर शेंगदाणे. गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. तिनं सगळ्यांची चौकशी केली, जाऊची, बायकांची, बैठकीचं नाव मात्र काढलं नाही. तिनं काढलं नाही म्हणून मलाच राहवेना. मला तिच्याकडून काहीतरी हवं होतं. चिवडा देऊन मी ते विकत घ्यायला आले होते, असं आज म्हणावं लागेल.

मी म्हटलं, "पोरी, मी लपवलं नाही हं. सगळ्यांच्या देखत उभी राहून सांगितलं, की मी मारली म्हणून."

तिनं चिवड्याचा डबा बॅगेत नीट बसवला, चेन लावली, आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाली, "सांगतलं ना, काकू. बुरशी उनानं मेली, तिचं मले काई वाटत नाही, ते म्या पुन्हा वाढवली असती. पण त्याईनं तुमाले बसा म्हटलं, आन् तुमी बसल्या."